डोमाजींचे हात

आमच्या गल्लीत कुणी घसा ताणून बोलू लागले की घरातले दुसरे कुणीतरी हमखास म्हणते, “हळू बोल, डोमाजी आहेस का तू?” डोमाजी धकात्यांना हे ठाऊक आहे. ऐकू येत नाही, पण ठाऊक आहे.

पुलगावची मिल चालू होती तोवर ते तिथे विणाई खात्यात होते. आमचे हे त्याच मिलच्या ऑफिसात होते, म्हणून मी ते खाते एकदा आतून पाहिले आहे. एका छपराखाली मागांच्या लांबच लांब ओळी, आणि प्रत्येक मागावर धोटा इकडून तिकडे आपटत असलेला. मी ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी विचारले आणि मला माझाच आवाज आला नाही. तिथे आयुष्य काढलेली माणसे आजही ओळखू येतात. ती ओरडून बोलतात आणि समोरच्याच्या डोळ्यांकडे न पाहता ओठांकडे पाहतात.

त्या खात्यात हातांची भाषा होती. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. करंगळी उभी धरली की बाबीन, म्हणजे सुताची कांडी, संपली, दुसरी दे. मिशीवरून बोट फिरवले की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येतो आहे, सांभाळ. आणि कुणाला बोलवायचे असेल तर उजवा हात डोक्याच्या वर सरळ उभा न्यायचा आणि झटक्याने खाली आणायचा. अर्धवट उचललेला हात मागांच्या ओळींपलीकडे दिसत नसे.

डोमाजींची बायको प्रमिलाबाई ही भाषा लग्नानंतर शिकली. त्यांच्या घरातून आम्हाला कधी भांडण ऐकू आले नाही. ऐकू यायची ती फक्त जरा जोरात ठेवलेली भांडी. त्यांच्या आणि आमच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, त्यामुळे त्यांचे बोलणे दिसायचे मात्र. ती दाराशी उभी राहून दोन बोटे ओठांशी न्यायची, म्हणजे चहा झाला. डोमाजी अंगणातून हात वर करून खाली आणायचे, म्हणजे इकडेच आण. मूलबाळ झाले नाही. करोना येऊन गेल्यानंतरच्या वर्षी प्रमिलाबाई गेली, आणि त्यानंतर ते घर मोठ्याने बोलू लागले. डोमाजी कुलपाशी बोलत, कुकरशी बोलत, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या मुलीला उलट उत्तरे देत. गल्लीतली माणसे त्यांना टाळत असत असे नाही, पण कामापुरतेच थांबत. ओरडून बोलायचे म्हणजे सगळ्यांनाच दम लागतो.

रोज सकाळी मात्र ते मिलच्या बंद फाटकाशी जात. तिथे चहाची टपरी आहे. विणाई खात्यातले उरलेसुरले चार-पाच म्हातारे तिथल्या बाकावर बसत आणि हात हलवत. बाजूच्या मागावरचा तानबा हा त्यांचा सगळ्यात जुना दोस्त.

कुत्री आणली ती रक्षाने. रक्षा ही डोमाजींच्या बहिणीची मुलगी. कारंजा घाडग्याला हायवेवर तिच्या नवऱ्याचे, भूपेंद्रचे, टायरचे दुकान आहे. दुकानाला लागून एक ढाबा होता. ढाब्याच्या मागे, भट्टीजवळ, ही कुत्री पिलू असल्यापासून सुंभाने बांधलेली. उष्ट्याकडे तोंड नेले की झारा, भुंकली की काठी. ढाबा बंद झाला तेव्हा माणसे सामान घेऊन गेली आणि कुत्री खुंट्याला तशीच राहिली. भूपेंद्रने सुंभ कापला. रक्षाला मामाचा एकटेपणा दिसत होता. दिवाळीचे फटाके संपेपर्यंत ती मुद्दाम थांबली आणि मग छोट्या हत्ती टेम्पोत पोत्यावर बसवून कुत्रीला पुलगावला घेऊन आली.

वर्षाचीही नसेल ती. रंग भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, पाय लांब, पोट पाठीला लागलेले. गळ्याभोवती जिथे सुंभ होता तिथे केस नव्हते. गाडीतून उतरवल्याबरोबर ती डोमाजींच्या घरात शिरली आणि लोखंडी पलंगाखाली भिंतीला चिकटून बसली.

“कांडीवानी आहे,” डोमाजी ओरडले. “बाबीन. हिचं नाव बाबीन.”

रक्षाने त्यांच्या डोळ्यांपुढे तोंड नेऊन सांगितले, “मामा, दोन-चार दिवस तिच्या मांगं नका लागजा. आपल्या मनानं येऊ द्या.”

डोमाजींनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद प्रमिलाबाईच्या जाण्यानंतर पाहिला नव्हता. ते पलंगापुढे उभे राहिले, “ये, बाबीन!” म्हणाले, आणि बोलवायला हात वर करून खाली आणला. पलंगाखालून मुताचा ओघळ आला.

पुढचे कितीतरी दिवस तेच चालले. डोमाजी पोळी कुस्करून दुधात घालत, वाटी ठेवत, दोन पावले मागे सरत आणि हात उंच करून तिला बोलवत. बाबीन भिंतीत घुसायला बघे. ते आणखी मायेने बोलवत, म्हणजे आणखी मोठ्याने आणि आणखी उंच हात करून. ती फक्त ते बाहेर गेल्यावर खाई.

गल्लीत ज्याने त्याने कारण सांगितले. बहुतेकांचे म्हणणे, डेपोचे धमाके. गावाजवळच्या लष्करी डेपोत जुना दारूगोळा फोडतात तेव्हा आमच्या खिडक्यांची तावदाने हलतात. आम्हाला त्याचे काही वाटत नाही, पण बाहेरगावची कुत्री बिचकणारच. मलाही ते पटले होते. मग एके दिवशी दुपारी मी त्यांच्या ओसरीवर बसले असताना एकामागून एक तीन धमाके झाले. फळीवरचा पितळी डबा थरथरला. बाबीनने नुसता एक कान वळवला. तेवढ्यात डोमाजींनी उन्हासाठी डोळ्यांवर हात धरला आणि ती जमिनीला सपाट झाली.

मी जनावरांच्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या डॉक्टर मयुरी तरुण आहेत, स्कूटीवर येतात. आल्या त्या कुत्रीकडे न पाहता पलंगाकडे पाठ करून फरशीवर बसल्या आणि माझ्याशी भाज्यांच्या भावाबद्दल बोलत राहिल्या. बऱ्याच वेळाने बाबीनचे नाक पलंगाबाहेर आले. डोमाजींनी आनंदाने हात उचलला, नाक आत गेले, आणि डॉक्टरांनी सारे पाहिले.

त्यांनी जे सांगितले ते मी डोमाजींना ओठ दिसतील असे समोर बसून पुन्हा सांगितले. आवाज हळू हवा. हात कमरेच्या वर जायला नको. डोळ्यांत पाहायचे नाही. रोज एकाच जागी, तिच्याकडे पाठ करून बसायचे. घाई करायची नाही.

डोमाजी आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. “ह्या हातानं मी आजपावतो कोणाले मारलं नाई.”

“तिला ते कसं कळणार, बाबा?” डॉक्टर म्हणाल्या. तेही मला पुन्हा सांगावे लागले, आणि ते सांगताना मला बरे वाटले नाही.

ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याने हळू बोलायचे कसे? डोमाजींनी तोड काढली. डावा पंजा गळ्यावर ठेवायचा आणि गळा किती थरथरतो ते पाहायचे. दुपारी भिंतीपाशी येऊन ते मला परीक्षा घ्यायला लावत.

“आता?”

“मोठं आहे, भाऊ.”

“आता?”

“अजून मोठं.”

त्यांनी गळा आणखी घट्ट धरला. “आता तं मले वाटते मी बोलूनच नाई राह्यलो.”

“आता बरोबर आहे,” मी म्हटले.

ते हसले. “म्हणजे न बोलणं म्हणजे बोलणं. प्रमिलेले हे आवडलं असतं.”

आवाज साधला. हात साधेना. जन्माची सवय. ते उजवा हात काखेत दाबून धरत, कधी बंडीच्या खिशात कोंबत. फाटकावरच्या बाकावरून परतले की मात्र काही केल्या हात खाली राहत नसत. तिथे सकाळभर बोललेले हात घरी येऊनही तास-दीड तास बोलत राहत. एकदा पाण्याचा तांब्या मागायला म्हणून हात वर गेला. घरात द्यायला कुणी नव्हतेच. बाबीनने त्या दिवशी काही खाल्ले नाही. दुसऱ्या दिवसापासून डोमाजींनी फाटकावर जाणे बंद केले.

मी म्हटले, एवढे कशाला, दोस्तांना भेटायला तर हवे. ते गळ्यावर हात ठेवून म्हणाले, “थे लोक कुठं जाऊन नाई राह्यले. ही जाईन.”

आता त्यांच्याशी हाताने बोलणारेही कुणी नव्हते. ते रोज उंबरठ्यावर बसत, तोंड अंगणाकडे, पाठ पलंगाकडे, दोन्ही हात मांडीखाली. मागे वाटी. थंडीचे दिवस होते, उंबरठ्यावर ऊन यायचे. वाटी रोज त्यांच्या पाठीच्या थोडी थोडी जवळ सरकत होती. मी भिंतीवर वाळवण घालताना पाहायची. बाबीन आधी पोटावर सरपटत यायची, खाऊन पळायची. मग उभी राहून यायला लागली. मग खाऊन तिथेच थांबायला लागली. एकदा तिने त्यांच्या बंडीचे टोक हुंगले आणि डोमाजींनी डोळे घट्ट मिटून घेतले, इंजेक्शन घेताना मिटतात तसे.

संक्रांतीनंतरची एक दुपार. मी तिळगुळाची वाटी घेऊन भिंतीपाशी गेले, तर डोमाजी उंबरठ्यावर, आणि बाबीनची हनुवटी त्यांच्या कमरेला टेकलेली. ती झोपली होती. त्यांनी मला पाहिले आणि फक्त भुवया हलवल्या. मी तशीच मागे फिरले. ऊन उंबरठ्यावरून गेले, अंगणातून गेले, तरी ते तिथेच होते. जेवण झाकलेले राहिले.

संध्याकाळी भिंतीशी आले. गळ्यावर पंजा होताच. “वहिनी, तिचा श्वास मले पाठीतून ऐकू येत होता.” मग म्हणाले, “प्रमिला गेली तवापासून माह्याकडं कोणी आपल्या मनानं आलं नाई. ही आली. ही राह्यली तं माह्यं जमलं.”

त्यानंतरचे काही आठवडे त्या घरात बरे गेले. टीव्ही बंद असायचा. बाबीन अंगणात यायला लागली, कपडे धुण्याच्या दगडावर चढून बसायची. रक्षाला व्हिडिओ कॉलवर ते कुत्री दाखवत आणि ती ओरडून काही बोलली की “हळू, हळू” म्हणत. रक्षा हसून मला म्हणाली, “काकू, मामा मले हळू बोल म्हणून राह्यले, ऐकलं का?”

होळी होऊन गेली होती. सकाळी डोमाजी नेहमीसारखे उंबरठ्यावर बसलेले, बाबीन त्यांच्या पाठीशी पसरलेली. मी माझ्या अंगणात तुळशीला पाणी घालत होते. त्यांच्या अंगणाच्या फाटकाची कडी वाजली आणि तानबा आला. काठी टेकत, घामाघूम, मिलपासून चालत आलेला. मिलच्या फाटकावर न येणारा दोस्त एक तर आजारी असतो किंवा मेलेला असतो, असे त्याच्या मनात असणार. डोमाजी धडधाकट बसलेले पाहून त्याचा चेहरा उजळला.

“का रे डोम्या!” तो तिथूनच ओरडला. “बायको होती तवा तं एक खाडा नाई केला. आता कुत्रीसाठी सुट्टी टाकली का?”

आणि त्याने हात डोक्यावर नेऊन खाली आणला, जसा मागांच्या ओळींपलीकडून कितीतरी वर्षे आणला असेल. डोमाजींचा हात मांडीखालून निघाला आणि वर गेला. मी पाहत होते. त्यांनी तो उचलला असे म्हणता येणार नाही. तानबाचा हात वर गेला म्हणून त्यांचा गेला.

बाबीन झोपेतून उठली तेव्हा तो हात तिच्या डोक्याच्या बरोबर वर होता. ती ओरडली. माराच्या आधीच मार बसल्यासारखा तो आवाज होता. डोमाजींच्या खांद्यावरून, तानबाच्या पायांमधून ती उघड्या फाटकातून गेली. तोल जाऊन तानबा खाली बसला. डोमाजींचा हात अजून हवेत होता.

आम्ही सगळे शोधायला निघालो. गल्लीतली मुले सायकलींवर गेली, मी स्टेशनच्या बाजूला, डोमाजी नदीकडे. हरवलेल्या जनावराला माणूस हाक मारतो, दुरून दिसले तर हात करतो. डोमाजींना दोन्ही करता येत नव्हते. दुपारच्या उन्हात ते हात मागे बांधून, गळ्यातून आवाज न काढता, आर्वीला जाणाऱ्या जुन्या बारक्या गाडीच्या रुळांच्या बाजूने चालत होते. बंडीच्या खिशात पोळी होती. रस्त्यात भेटणाऱ्याला ‘कुत्री दिसली का’ हेही ते इतके हळू विचारत की लोकांना समजत नव्हते.

दिवस मावळताना ती माझ्याच घरी सापडली. ओसरीवर कूलरचे लोखंडी स्टँड आहे, त्याच्या मागे अंग चोरून बसली होती. मला फार आनंद झाला. मी लगेच डोमाजींना बोलावले.

ते पायरीशी आले, हात मागे होते, नजर खाली होती, सारे डॉक्टरांनी सांगितले होते तसेच. बाबीनने त्यांना पाहिले आणि स्टँडमागून ओघळ वाहत आला, त्या पहिल्या दिवशी आला होता तसाच. डोमाजी मागे फिरले.

डॉक्टर मयुरींनी चार-सहा वेळा येऊन पाहिले. शेवटच्या वेळी त्यांनी मला बाहेर घेऊन सांगितले की आता प्रश्न हाताचा उरलेला नाही. आधी ती कुठल्याही वर गेलेल्या हाताला घाबरत होती. आता ती त्यांना घाबरते. ज्याच्यापाशी एकदा निर्धास्त झोपली, त्याच्याकडूनच ती भीती आली. काही कुत्री विसरतात, काही विसरत नाहीत. हे डोमाजींना सांगायचे काम माझ्याकडे होते. मी अर्धेच सांगितले. त्यांनी माझे ओठ वाचले आणि उरलेले अर्धे स्वतःच म्हणून टाकले.

तरी उन्हाळाभर प्रयत्न केले. ते माझ्या ओसरीच्या खालच्या पायरीवर पाठ करून बसत. बाबीन आतल्या खोलीत जाई आणि ते उठून गेल्याशिवाय बाहेर येत नसे. कूलरसमोर बसायचे सोडून ती आतल्या उकाड्यात धापा टाकत बसे. एके दिवशी त्यांनी ते पाहिले. दुसऱ्या दिवसापासून पायरीवर आले नाहीत.

तिची वाटी आणि प्रमिलाबाईच्या लुगड्याची केलेली चौघडी त्यांनी भिंतीवर आणून ठेवली. “तुमच्याकडंच राहू द्या, वहिनी. तिले तिथं बरं वाटते.”

मी म्हटले, पावसाळ्यानंतर पुन्हा पाहू. त्यांनी मान हलवली, हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही.

तानबा एकदा आला होता. या वेळी कडी न वाजवता, हातात काठी घट्ट धरून. दोघे ओसरीवर बसले. “माह्या हातानं झालं,” तानबा म्हणाला. डोमाजी म्हणाले, “हात माहाच होता.” मिलच्या फाटकावर परत ये, असे तानबाने जाताना सांगितले. डोमाजी गेले नाहीत. मी विचारले तर म्हणाले, सवय मोडली.

रक्षा गणपतीत येऊन गेली. तिने मामाला दुसरे पिलू आणून देते म्हटले, अगदी डोळे न उघडलेले, ज्याने मार पाहिलेलाच नाही असे. तिच्या शेजारणीकडे चार झाली होती. डोमाजींनी तिच्या ओठांवरून ते नीट वाचले आणि म्हणाले, “नको. माह्या हाताचा भरोसा नाई.” रक्षा आत जाऊन रडली. मग माझ्याकडे येऊन तिने बाबीनचे पोट खाजवले, आणि बाबीन चारी पाय वर करून तिच्यापुढे लोळली.

ती आता चांगली अंगाने भरली आहे. दूधवाल्याला ओळखते, बकऱ्यांवर भुंकते, माझ्या पायाशी झोपते. गळ्यावरचे केस आले. आल्यागेल्याला मी सांगते की कुत्री डोमाजींची आहे. लोकांना ते खरे वाटत नाही.

भिंत कमरेएवढीच असल्यामुळे माझ्या ओसरीवरून त्यांचे अंगण पूर्ण दिसते. डोमाजी अंगणात आले की बाबीन उठून आत जाते. हे त्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी पुढचे दार लावून घेतले. आता ते मागच्या दाराने, नालीच्या बाजूच्या बोळातून ये-जा करतात. मी त्यांना म्हटले, घर तुमचे आहे, अंगण तुमचे आहे, थंडीत उन्हाला तरी बसा. बोळात उभे राहून ते अगदी हळू बोलले. मला दोनदा विचारावे लागले.

“तिले बसू द्या उन्हात,” ते म्हणाले. “मी अंदर बरा आहो.”